डबक्यातली दवा

माझी चूक एका वाक्यात सांगता येते. मी सूर्याकडे पाठ करून उभा राहिलो.

बाकीचे सांगायला जागा लागते, आणि सांगता सांगता माणूस आपलीच बाजू मांडायला लागतो, हे मला माहीत आहे. म्हणून हे वाक्य आधी लिहून ठेवले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून नुकताच वेगळा झाला होता आणि लोक अजून दोन्हीकडची कामे चंद्रपूरलाच घेऊन येत होते. मी चंद्रपूरचा, पंचविशीतला. मलेरियावरच्या एका संशोधन प्रकल्पात मला नोकरी लागली होती. वैनगंगेच्या पलीकडच्या काही गावांत एक नवी दवा वापरून बघायची होती. ही दवा माणसांसाठी नव्हती. ती पाण्यात टाकायची होती. जंतूंपासून केलेली बदामी रंगाची भुकटी पाण्यात कालवायची आणि हाताने चालवायच्या पंपाने डबक्यावर फवारायची. डासांच्या अळ्या ती खातात, त्यांचे आतडे सडते आणि त्या मरतात. मासे, म्हशी, माणसे यांना तिच्यापासून काही होत नाही.

अळ्या मरतात हे सगळ्यांनाच माहीत होते. प्रकल्पाचा प्रश्न होता, ही दवा पाण्यात टिकते किती दिवस. सिमेंटच्या टाक्यात ती पुष्कळ टिकायची. गढूळ डबक्यात तसे नव्हते. भुकटी मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसायची आणि मलेरियाच्या डासाची अळी तर पाण्याच्या वरच्या पापुद्र्यालाच आडवी पडून खाते. तिच्या तोंडाला दवा लागायचीच नाही. वरून उन्हाने ती निकामी व्हायची. कुठे म्हशी लोळून तळ ढवळायच्या, तिथे दवा पुन्हा वर यायची. एकाच गावातल्या दोन डबक्यांचा हिशोब जुळत नव्हता. म्हणून पुन्हा पुन्हा जाऊन बघावे लागे.

बघायचे म्हणजे लांब दांड्याचा पांढरा पळा पाण्यात बुडवायचा, वर काढायचा आणि त्यात अळ्या किती आल्या ते मोजायचे. काम सोपे वाटते. पण त्याचा एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. सूर्याकडे तोंड करून उभे राहायचे. आपली सावली पाण्यावर पडली की अळ्या झटकन खाली जातात आणि पळा रिकामा येतो. पाणी स्वच्छ असल्यासारखे दिसते, आणि असते भरलेले.

प्रकल्पाच्या एका गावात आमची फार चेष्टा व्हायची. चहाच्या टपरीवर बसलेले म्हातारे मला सायकलवरून उतरताना बघत आणि एकमेकांना सांगत, माणसाले ताप येते अन् हे डबक्याले दवा पाजून राह्यले. एकाने तर रोजचा प्रश्नच ठरवून टाकला होता, "काऊन भाऊ, डबक्याचा ताप उतरला का?" मी हसायचो. आतून ते लागायचे. घरी वडिलांनाही मी नेमके काय करतो ते सांगता येत नव्हते.

गावाच्या एका टोकाला बुद्धविहार होता आणि विहाराला लागून एका मावशीचे घर. मावशी म्हणजे नात्याने नव्हे. साधारण पंचेचाळिशीची बाई, मी तिला मावशी म्हणायचो आणि ती मला भाऊ. नवरा-बायको दोघे आपल्या थोड्या धानात राबत, उरलेल्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतावर जात. तिच्या परसाच्या मागे खड्डे होते. दरवर्षी उन्हाळ्यात विटा पाडायला आणि भिंती लिंपायला गाव तिथूनच माती काढायचे. पावसाळ्यात ते भरत आणि दिवाळी होऊन गेली तरी त्यांत पाणी असायचे. दवेसाठी आम्ही निवडलेल्या जागांपैकी ही एक.

पहिल्यांदा आम्ही तिथे भुकटी फवारली तेव्हा मावशी कुंपणाशी उभी होती. त्या पाण्याने ती वांग्यांना शिंपायची. विष आहे का, असे तिने विचारले. मी नाही म्हटले. मग ती म्हणाली, "मच्छर मरते अन् वांगं मरत नाई, म्हणजे मोठी अकलेची दवा हाय." हे चेष्टेने म्हटलेले नव्हते, निदान मला तसे वाटले. त्या गावात माझ्या कामाबद्दल सरळ बोललेले ते पहिले माणूस. त्यानंतर मी तिच्या परसात थोडा जास्त वेळ काढू लागलो.

माझी उभी राहायची जागा ठरलेली होती. रस्ता पश्चिमेला, मग तिचे घर, मग परस, मग खड्डे. परसाच्या टोकाला एक घट्ट, कोरडी कड होती. मी सकाळी यायचो. सूर्य समोर, खड्ड्यांपलीकडे असायचा, सावली मागे वांग्यांत पडायची. नियम आपोआप पाळला जायचा. इतका आपोआप, की मी नियम म्हणून त्याच्याकडे बघणे सोडून दिले होते.

दसऱ्याच्या सुमारास एकदा वाटेत सायकल पंक्चर झाली. गावात पोचलो तेव्हा उन्हे कलली होती. मी नेहमीसारखा परसातून आत गेलो आणि त्याच कडेला उभा राहिलो. सकाळी बरोबर असलेली जागा दुपारनंतर चुकीची असते. बरोबर जागा पलीकडे होती. तिथे जायला चिखल आणि बेशरमाची दाट झुडपे पार करावी लागली असती. मला हे तेव्हा सुचले नाही असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. सुचले होते. पळा हातात घेतला तेव्हा माझी सावली पाण्यावर अर्ध्यापर्यंत गेलेली मी पाहिली होती. पण तेवढ्यात मावशी आली आणि बोलू लागली, आणि ती बोलत असताना तिला सोडून चिखलातून पलीकडे जाणे मला बरे वाटले नाही.

ती म्हणाली, "भाऊ, एक खरं सांगा. ही दवा पाण्यात किती दिवस राह्यते?"

आमच्या साहेबांशिवाय हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी का म्हणून विचारले. मग तिने सगळे सांगितले. तिची मुलगी ब्रह्मपुरीकडे दिली होती. पहिलटकरीण, सातवा सरत आला होता. पहिले बाळंतपण आईकडेच व्हायचे, त्यात कोणाचे दुमत नव्हते. पण मागच्या वर्षी शेजारच्या घरची सून पोटुशी असतानाच तापाने गेली होती. ताप डोक्यात गेला आणि दोन रात्रींत संपले. मुलीच्या सासरी घरोघर भिंतींवर डास मारायची फवारणी झाली होती. इथे झाली नव्हती, कारण आमच्या दवेचा परिणाम वेगळा कळावा म्हणून प्रकल्पाची गावे फवारणीतून वगळली होती. मावशीला हे माहीत होते. फवारणीवाले गावावरून पुढे गेले तेव्हा तिने त्यांना विचारले होते. नवरा म्हणत होता, आणली नाही तर लोक काय म्हणतील. सासरचे म्हणत होते, तुमची मर्जी.

"माया दारामागंच हे खड्डे हायेत," ती म्हणाली. "तुमच्या दवेवरच हाय सगळं. आणू का पोरीले, का राहू देऊ तिकडंच?"

मी पळा बुडवला. रिकामा आला. पुन्हा थोड्या अंतरावर बुडवला, पुन्हा रिकामा. तो पांढरा पळा मी तिच्यासमोर धरला. आत नुसते मातकट पाणी आणि एक वाळके पान.

"पाहा मावशी, एकही अळी नाई," मी म्हणालो. "दिवाळीवरी तरी फिकर नका करू. आणा पोरीले."

तिने पळ्यात वाकून बघितले. मग पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, आता तुमीच सांगतलं म्हणजे झालं. जाताना तिने मला चार वांगी दिली. मी ती सायकलच्या पिशवीत टाकली आणि चहाच्या टपरीवरून गेलो. म्हाताऱ्याने डबक्याचा ताप उतरला का विचारले. मी म्हटले, उतरला. त्या संध्याकाळी मी खुशीत होतो. हे लिहायलाच हवे.

दिवाळीच्या आधी मुलगी आली. मी तिला दोनदा पाहिले, दोन्ही वेळा रस्त्याने पुढच्या गावाला जाता जाता. एकदा ओसरीवर भिंतीला टेकून लाखोळीची डाळ निवडत बसली होती. आई तिला उठू देत नव्हती आणि ती, मी काय काचेची हाय का, असे म्हणत होती. एकदा संध्याकाळी नदीकडून दोघी-तिघींबरोबर येताना दिसली. मला पाहून तिने आईचा तोच शब्द वापरला, अकलेची दवावाले भाऊ. माझ्याशी ती एवढेच बोलली.

मधल्या काळात दुसऱ्या गावांचे काम लागले आणि त्या खड्ड्यांकडे माझे जाणे झाले नाही. दिवाळीनंतर गेलो तेव्हा घराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले की पोरीला थंडी वाजून ताप आला, मग उतरेना, मग ती बरळायला लागली, म्हणून बैलगाडीने सडकेपर्यंत आणि तिथून जीपने दवाखान्यात नेले. पोर पोटातच गेले होते. मुलगा होता. पोरगी जगेल म्हणतात, ती म्हणाली.

मी परसातून आत गेलो. वांग्यांना कोणी पाणी घातले नव्हते. सकाळ होती, सूर्य समोर होता, सावली मागे होती. अळ्या पळा न बुडवताच दिसत होत्या. पाण्याच्या वरच्या थराला आडव्या, काडीच्या तुकड्यांसारख्या. लहान होत्या, मोठ्याही होत्या. कडेच्या गवतात पांढरट कात अडकली होती, कोष फोडून डास उडून जातो तेव्हा मागे राहते ती. एका पिढीची एवढी कात साठत नाही. यांच्या आधीच्या पिढ्याही इथूनच उडून गेल्या होत्या. दसऱ्याच्या सुमारास मी आलो त्या दिवशी त्यांतली पहिली पिढी माझ्या सावलीखाली, माझ्या पायाशी, तळाला गेलेली होती.

मला काही वाटले नाही. लोकांना वाटते अशा वेळी माणूस मटकन खाली बसतो. मी पळा बुडवला, मोजले, पाणी परत ओतले, पुन्हा बुडवले. ठरल्याप्रमाणे सगळे खड्डे पुरे केले. मग पळा धुतला आणि पुढच्या गावाला गेलो.

साहेबांना मात्र मी सांगितले. त्यांना सांगणे अवघड गेले नाही. दसऱ्याची माझी पाहणी चुकीची होती, उन्हाची बाजू चुकली, असे मी म्हणालो. ते रागावले नाहीत. त्या खड्ड्यांत दवा इतकी टिकली याचे त्यांनाही नवल वाटतच होते, म्हणाले. त्यांनी त्या दिवसाचा आकडा खोडला आणि पाहणी झाली नाही असे समजायला सांगितले. दवेचा हिशोब जुळला. गढूळ खड्ड्यात ती थोडेच दिवस टिकते हे नीट कळले आणि पुढे तिथे लवकर लवकर फवारायचे ठरले. माझ्या चुकीची तेवढी दुरुस्ती एका रेघेत झाली. मुलीबद्दल मी बोललो नाही. कोणी विचारलेही नाही.

त्यानंतर मी स्वतःसाठी एक आडोसा तयार केला. डास चावल्यापासून ताप यायला साधारण दोन आठवडे लागतात. मुलगी माहेरी यायच्या आधीच सासरी कुठे चावला असेल. वाटेत चावला असेल. नदीवर चावला असेल. कोणता डास कोणत्या पाण्यातून उडाला हे कोणालाही सांगता येत नाही. हे सगळे खरे आहे, आजही खरे आहे. मी ते इतक्यांदा मनात म्हटले की त्याला काही चवच उरली नाही.

प्रकल्प संपला. मला दुसरीकडे घेतले, मग आलापल्लीला पाठवले. तिथे सागाच्या जंगलात राहणाऱ्या मजुरांच्या रक्ताचे नमुने गोळा करायचे काम होते. लग्न झाले. बायकोला दिवस गेले तेव्हा मी घरातल्या रांजणापासून मागच्या गटारापर्यंत सगळे पाणी रोज उपसून टाकायचो. ती म्हणायची, तुमाले वेड लागलं का. मी तिलाही सांगितले नव्हते.

तीन-चार वर्षांनी एका कामासाठी चंद्रपूरला निघालो असता मी मध्येच उतरलो आणि दुसरी गाडी धरून वैनगंगेकडे गेलो. ठरवून गेलो असे म्हणवत नाही. गाडीत बसलो होतो आणि उतरायची जागा आली.

मावशी परसात होती. धान निघाले होते, ती सुपाने पाखडत होती. खड्डे तसेच होते, त्यांत थोडे हिरवे पाणी. तिने मला ओळखले. पाण्याले दवा पाजणारे भाऊ, म्हणाली, आणि आत जाऊन तांब्याभर पाणी आणले. नवऱ्याचा गुडघा दुखतो, टपरीवरचा म्हातारा वारला, असे सांगत राहिली. मग तिने विचारले की ती दवा बंद काऊन झाली.

मी म्हणालो, प्रकल्प संपला.

"चांगली होती," ती म्हणाली. "मी साऱ्याइले सांगतो, त्या वर्षी माया घरामागं एक मच्छर नव्हता. भाऊ पळ्यात दाखवून गेले होते मले." मग सूप खाली ठेवून ती म्हणाली, "पोट्टीनंच ऐकलं नाई. सांजच्यानं नदीवर नको जाऊ म्हणून मी कितीकदा बोलली. घरात राह्यली असती तर पोरगं जगलं असतं."

मी विचारले, मुलगी कशी आहे.

बरी होती. तिला आता एक मुलगी होती. ते बाळंतपण सासरीच झाले, आईला बोलावलेसुद्धा नव्हते. दवाखान्यातच मावशी तिला नदीबद्दल बोलली होती, आणि एकदा नव्हे. तेव्हापासून ती माहेरी आली नव्हती. सणाला निरोप गेला की सवड नाही असा निरोप यायचा. नातीला मावशीने एकदाच पाहिले होते, ब्रह्मपुरीच्या बाजारात, उभ्या उभ्या. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. धान निघाले हे ज्या सुरात सांगितले त्याच सुरात सांगितले.

मी तिथे माफी मागायला आलो होतो की नुसते बघायला, हे मला गाडीतून उतरल्यावरही कळले नव्हते. आता त्याला अर्थ नव्हता. माझा तो रिकामा पळा या घरात इतकी वर्षे होता आणि त्याच्या भरवशावर एका आईने मुलीला दोषी ठरवले होते.

मी तिला उठवले आणि खड्ड्यांच्या कडेला नेले. उन्हे कलली होती, त्या दिवसासारखीच. मी माझ्या जुन्या जागेवर उभा राहिलो. सावली पाण्यावर पडली. मी बोटाने ती दाखवली आणि सांगितले की अशी सावली पडली की अळ्या खाली जातात, आणि मला हे तेव्हाही माहीत होते. मग हेही सांगितले की दिवाळीनंतर मी आलो तेव्हा पाणी भरलेले होते आणि ते आधीपासूनच भरलेले होते.

तिने वाकून माझ्या सावलीखालचे पाणी बघितले. मग तिने विचारले, "तवा काऊन नाई सांगतलं?"

मी म्हणालो, भीती वाटली.

"मी तिले काय काय बोलली," ती म्हणाली. मी माफ करा म्हणायला तोंड उघडले, तर तिने हात वर करून मला थांबवले. "मले नका सांगू. तिले सांगा. माया तोंडून ते पटणार नाई तिले."

रात्री मी विहाराच्या ओट्यावर झोपलो. मावशीने ताट बाहेरच आणून दिले, त्यात वांग्याची भाजी होती. मी ती खाल्ली. सकाळच्या गाडीने आम्ही दोघे ब्रह्मपुरीकडे निघालो. तिच्या मांडीवर एक गाठोडे होते. त्यात नातीचे झबले असल्याचे मला नंतर कळले. ते त्या वयाच्या मुलीला लहान झाले असते.

मुलगी अंगणात लाकडे रचत होती. लहान पोर तिच्या पदराला धरून उभे होते. आईला बघून ती जागीच थांबली. मग मला बघून तिच्या कपाळाला आठी पडली, ओळख पटेना अशी. मावशी फाटकाच्या आत आली नाही. ती गाठोडे धरून बाहेरच उभी राहिली आणि मला म्हणाली, "सांगा, भाऊ."

सूर्य माझ्या समोर होता आणि मुलीचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. ते बरे झाले असे वाटले, आणि मग वाटले की नाही. मी दोन पावले बाजूला सरकलो, तिचा चेहरा दिसेल असा, आणि बोललो.

"ताई, तुमच्या घरामागं मच्छर नाई असं मी तुमच्या आईले सांगतलं होतं. ते खरं नव्हतं. मी नीट पाह्यलं नाई, अन् मले ते माहीत होतं. मच्छर तिथंच होते, तुमच्या परसात. तुम्ही नदीवर गेल्या म्हणून तुमचं पोरगं गेलं, असं कोणीच म्हणू शकत नाई. तुमच्या आईनं माया शब्दावर इश्वास ठेवला म्हणून त्या तुमाले तसं बोलल्या. माया हातून चुकलं, अन् इतके वर्षं मी गप्प राह्यलो. मले माफ करा."